माईचा चेहरा आणि नजरधोंडा

ही गोष्ट फार जुनी. माणसं पायी दूरदेशी जायची, पायीच परतायची, आणि आपलं गाव आलं हे वेशीवरून नाही तर चेहऱ्यांवरून ओळखायची, तेव्हाची.

एके सकाळी मिठाचे बैल हाकत घरी परतणारा एक व्यापारी नदीच्या पैलतीरावर येऊन थांबला. समोर ऐलतीरावरच्या टेकडीवर नगराची उंच भिंत होती. त्यानं भिंतीकडे पाहिलं. मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. मग बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तो उतारानं पाण्यात शिरला.

एवढंच झालं. पण भिंतीला बांधलेल्या बांबूच्या परांचीवर एक तरुण चितारीण कुंचा धूत बसली होती, तिचा कुंचा पाण्यातच थांबला. व्यापाऱ्यानं हात कपाळाला लावला नव्हता.

'ऊन आलं असेल डोळ्यांवर,' ती स्वतःशीच म्हणाली.

पण ऊन त्याच्या पाठीशी होतं.

तुम्ही म्हणाल, नाही लावला हात तर नाही लावला, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय? तर आधी त्या नगराची रीत ऐका.

त्या नगराला राजा होता, कोतवाल होता, पण भिंतीवर त्यांचे चेहरे नसत. ज्याच्यावाचून नगराचं अडलं असतं, त्याचाच चेहरा भिंतीवर जाई. तिथे एका सुईणीचा चेहरा होता. तिच्या शेजारी भर पुरात होडी घालणारा एक कोळी होता. एक विहीर खणणारा होता, त्याचं नाव सगळे विसरले होते, नाक मात्र कुणी विसरलं नव्हतं. चेहरे केवढे, तर हनुवटीशी शिडी लावली तरी माणूस भुवईपर्यंत पोचू नये एवढे. परगावाहून परतणारा पैलतीरावर येई, त्याला ते चेहरे दिसत, तो हात कपाळाला लावी, आणि वाटेचा सगळा शीण तिथेच उतरे.

एक नियमही होता. नवा चेहरा पुरा झाला की नव्या धान्याच्या सणाला परतणारी माणसं तो पैलतीरावरून पाहत. त्यांचे हात वर गेले तर चेहरा राहिला. नाही गेले, तर त्यावर चुना फिरवायचा. आपलं माणूस आपल्याच भिंतीवर परकं होऊन राहू नये, असं जुनी माणसं म्हणत.

आता एवढा मोठा चेहरा काढायचा कसा? आधी हातभर कापडावर काढायचा आणि त्यावर चौकटी आखायच्या. मग तेवढ्याच चौकटी भिंतीवर पाडायच्या, पण एकेक चौकट दाराएवढी. त्यासाठी गेरूत भिजवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं आणि मधे चिमटीत ओढून सोडायचं. टण्णकन आवाज होतो आणि भिंतीवर लाल रेघ उमटते. मग कापडावरच्या चौकटीत जे आहे ते भिंतीवरच्या चौकटीत. एकेका चौकटीला ओला चुना लावायचा आणि तो ओला आहे तोवर रंगवायचं. चुना वाळला की रंग धरत नाही, आणि धरलेला सुटत नाही.

हे सगळं शिकता येतं. खरी अडचण वेगळीच असते. परांचीवर बसलेल्याला चेहरा दिसतच नाही. त्याला दिसते नुसती एक नाकपुडी, कोल्ह्याच्या बिळाएवढी.

म्हणून त्या नगरात चितारी कधी एकटा काम करत नसे. एक भिंतीवर, दुसरा नदीपलीकडे, नजरधोंड्यावर. नजरधोंडा म्हणजे पैलतीरावरचा एक काळा, चपटा दगड. नदी तिथे अरुंद होती आणि पाण्यावरून आवाज स्वच्छ येई. भिंतीवरच्यानं रंगावरून नजर न काढता विचारायचं, "दिसतंय का?" आणि धोंड्यावरच्यानं जे दिसतंय ते सांगायचं.

धाकट्या चितारणीला हे सगळं जिनं शिकवलं, तिला अख्खं नगर माई म्हणे. माईचे गुडघे परांचीवर चढायचे राहिले, तेव्हापासून ती धोंड्यावर बसू लागली. डोक्यावर ओलं फडकं, ओटीत भाजलेले हरभरे, आणि आवाज असा की पलीकडच्या म्हशी चरायच्या थांबत.

"माई, दिसतंय का?"

"दिसतंय गं! पण कान गळून पडतोय तिचा! उचल वर!"

"आता?"

"आता बरा आहे! पण ही सुईण आहे का सावकाराची बायको? ओठ सैल सोड जरा!"

माईचं 'पण' कधी चुकलं नाही. धाकटीला त्या 'पण'चा भारी राग येई. तासन् तास मान मोडून भुवई काढावी आणि नदीपलीकडून हरभरे चघळत कुणी म्हणावं, "दिसतेय, पण सुरवंट दिसतोय." एकदा तर तिनं कुंचाच नदीच्या दिशेनं भिरकावला होता. तो अर्ध्यातच पडला. माई पलीकडून इतकी हसली की तिला ठसका लागला.

संध्याकाळी परतताना माई तिला सांगे, "हे बघ, भिंतीवरचं चित्र जवळून राक्षसासारखं दिसलं पाहिजे, तेव्हा ते दुरून माणसासारखं दिसतं. खालून बघणाऱ्याला उंचावरचं सगळं आखूड दिसतं. म्हणून कपाळ ताणून काढायचं. किती ताणायचं ते तुझा हात नाही ठरवत. धोंडा ठरवतो."

मग एका थंडीत माई गेली.

नगराच्या पंचांना फार विचार करावा लागला नाही. भिंतीवरच्या सगळ्यांना जिनं चेहरा दिला होता, तिचाच चेहरा आता भिंतीवर हवा. आणि काढणार कोण, तर धाकटी. दुसरं होतं कोण?

पण माईनं स्वतःचा चेहरा कधी कापडावर काढला नव्हता. तो फक्त आठवणीत होता. आणि चुनाही माईनं मुरवून ठेवलेल्या शेवटच्या टाकीतला होता. नवा चुना मुरायला वर्ष जातं. चेहरा चुकला असता, सणाला हात वर गेले नसते, तर त्यावर पांढरा हात फिरला असता, आणि पुढच्या चुन्यापर्यंत माईची जिवणी कशी होती हे कुणाला आठवलं असतं? धाकटीला तर आत्ताच रोज थोडं थोडं विसरल्यासारखं वाटे.

माईच्या घराला लागून एका म्हाताऱ्या कुंभारणीचं घर होतं. माईचं आणि तिचं भांडण इतकं जुनं की ते आधी कुणी सुरू केलं यावरूनही त्या भांडत. कुंभारणीच्या भट्टीची काजळी माईनं वाळत घातलेल्या पिवळ्या मातीवर बसे. माईच्या चुन्याची धूळ कुंभारणीच्या ओल्या मडक्यांवर बसे. मग दोघी कमरेवर हात ठेवून आपापल्या अंगणात उभ्या राहत आणि गल्लीतली पोरं जेवण टाकून ऐकायला येत.

माई गेल्यावर गल्ली गप्प झाली. कुंभारीणही गप्प झाली. आणि ज्या दिवशी भिंतीवर सूत मारायचं होतं, त्या दिवशी ती काठी टेकत टेकडी चढून आली.

"धोंड्यावर कोण बसणार गं?"

"बघू, काकी."

"बघू काय? मी बसते. चाक आता सून फिरवते. मला घरी काय काम आहे?"

धाकटी चपापली. गेरूची वाटी तिच्या हातातून निसटता निसटता राहिली. "नको काकी. ती... ती माईची जागा आहे."

"जागा कसली? दगड आहे तो. म्हशी पाठ खाजवतात त्याला."

"तरी नको. आणि तुमचं तिचं पटत नव्हतं ना."

कुंभारणीनं काठी उचलली. "पटत नव्हतं," ती म्हणाली. "खरंय तुझं." आणि आली तशी काठी टेकत खाली उतरून गेली.

धाकटीनं सुताचं दुसरं टोक खुंटीला बांधलं आणि एकटीनंच रेघा मारल्या.

कुंभारीण नको, याचं खरं कारण तिनं सांगितलं नाही. कदाचित तिलाही ते नीट माहीत नव्हतं. माईच्या आवाजातलं 'पण' तिनं सोसलं होतं. दुसऱ्या कुणाच्या आवाजातलं 'पण' ऐकायची तिला भीती वाटत होती. माईच्या चेहऱ्याबद्दल तर फारच.

मग तिनं काम सुरू केलं. इतक्या मायेनं तिनं आजवर कुणाचंच काम केलं नव्हतं. माईच्या गालावरची एकेक सुरकुती तिनं बारीक कुंच्यानं काढली. हनुवटीवरचा देवीचा व्रणसुद्धा सोडला नाही. आणि कपाळ? कपाळ ताणायला तिचा हात धजेना. आपल्या माईला आपणच राक्षसीण कशी करायची? तिनं ते जसं होतं तसंच काढलं, रुंद आणि शांत.

परांचीखालून जाणारी माणसं वर बघून म्हणत, "वा! सुरकुत्या काय काढल्यात! अगदी हुबेहूब!" तिला बरं वाटे. सवयीनं ती भिंतीकडे तोंड करूनच विचारी, "माई, दिसतंय का?" मग ओशाळून कुंचा पुन्हा रंगात बुडवी. पलीकडून एखादी टिटवी ओरडे, बस, एवढंच.

अशातच तो मिठाचा व्यापारी आला, आणि हात न लावता गेला.

दुसऱ्या दिवशी पैलतीरावर धुणं धुणाऱ्या पलीकडच्या वाडीतल्या बायका वर बघून एकमेकींशी बोलत होत्या. पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो, हे त्या विसरल्या असाव्यात.

"कोण गं ही नवी?"

"कुणाची तरी सासू दिसते."

"तोंड बघ ना, सुनेनं दूध उतू घालवल्यासारखं!"

त्या हसल्या. धाकटीनं कुंचा खाली ठेवला.

ती परांचीवरून उतरली, नदी ओलांडून गेली, आणि माई गेल्यानंतर पहिल्यांदाच नजरधोंड्यावर जाऊन उभी राहिली.

भिंतीवर एक बुटक्या चेहऱ्याची, चिडकी, परकी बाई होती. कपाळ चेपलं होतं. डोळे त्याखाली दबून गेले होते. आणि ज्या सुरकुत्यांसाठी तिनं डोळे फोडले होते, त्या एकमेकींत मिसळून गालावर नुसता मळ दिसत होता. शेजारची सुईण, कोळी, विहीरवाला असे माईच्या नजरेखालून गेलेले सगळे चेहरे नेहमीसारखे हसतमुख तिच्याकडे बघत होते. त्यांच्यात माई तेवढी नव्हती.

ती धावत परत आली. पातळ चुन्याचा हात फिरवून तिनं सुरकुत्या बुजवल्या. गालांचं त्यानं भागलं. मग कपाळ आणि डोळे खरवडले, नवा चुना लावला, आठवेल तेवढं कपाळ ताणलं. पुन्हा पलीकडे गेली. आता कपाळ चिमण्या हाकायच्या गोफणीसारखं एकीकडेच ताणलेलं दिसत होतं. पुन्हा आली, पुन्हा खरवडलं. नदी ओलांडेपर्यंत पाहिलेलं मनातून पुसट होई, आणि हात चालवेपर्यंत चुना वाळू लागे. भिंतीपाशी असावं तर चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसे तिथून भिंतीला हात पोचत नव्हता.

टाकीत आता एकाच थराचा चुना उरला. सण तोंडावर आला होता. लांबची माणसं घरी यायला निघालीही असतील.

त्या संध्याकाळी ती कुंभारणीच्या दारात जाऊन उभी राहिली. ओट्यावर बसून कुंभारीण एक कच्चं मडकं थापत होती. आत दगडाचा गुंडा, बाहेर लाकडी थापी. थप, थप, थप.

"काकी."

थप, थप.

"काकी, चुकलं माझं."

"मडकी नाहीत आज विकायला."

"मला माई दिसेनाशी झालीय," धाकटी म्हणाली. "डोळे मिटले की भिंतीवरची ती बाईच समोर येते. उद्या शेवटचा चुना लावतेय. माझ्या एकटीच्यानं नाही होत."

थापी थांबली.

"तुला वाटलं, भांडणारीला चेहरा आठवत नसेल," कुंभारीण म्हणाली. "अगं पोरी, देवासमोर माणूस डोळे मिटून उभं राहतं. भांडताना कुणी डोळे मिटतं का? अख्खा जन्म मी तिचं तोंड बघितलंय. तुझ्यापेक्षा जास्त. तू तर तिच्याकडे पाठ करून भिंतीवर बसलेली असायचीस."

खरंच होतं ते.

"सकाळी उठून अंगणात येते," कुंभारीण म्हणाली, "आणि कुणाशी बोलावं ते कळत नाही. काजळी उडते ती उडते. कुणी शिव्या घालत नाही." तिनं मडकं फिरवून दुसऱ्या अंगानं धरलं.

"मग याल ना, काकी?"

"नदी ओलांडायला गुडघे नकोत का?"

"पण याल?"

"बघू," कुंभारीण म्हणाली. अगदी धाकटी म्हणाली होती तशीच.

सकाळ झाली. धाकटीनं टाकीच्या तळातला चुना खरवडून घेतला आणि कपाळाच्या, डोळ्यांच्या चौकटींवर लावला. ओल्या चुन्याचा तो थंड, मातकट वास आला आणि तिला एकदम जुने दिवस आठवले. माईचं ओलं फडकं. हरभऱ्यांची टरफलं. संध्याकाळी दोघींनी नदीत धुतलेले कुंचे, आणि पाण्यात लांबवर लाल होत गेलेली गेरूची रेघ. तेव्हा वाटलं होतं, हे रोजचंच आहे.

तिनं काजळीत कुंचा बुडवला. डाव्या डोळ्याची पहिली रेघ मारली. आता मागे वळून बघायला वेळ नव्हता. ओल्या चुन्यावरून नजर काढायची नसते.

"माई, दिसतंय का?" तोंडातून निघून गेलं.

नदीचा आवाज आला, बस.

तिनं कपाळाची कड ओढली. थोडी वर? अजून वर? रंगाचा एक ओघळ खाली आला, तो तिनं अंगठ्यानं टिपला.

"दिसतंय का?"

टिटवी ओरडली. चुन्याच्या कडा फिकट पडू लागल्या होत्या. आता थोड्याच वेळात रंग धरायचा थांबला असता. तिला वाटलं, पलीकडे कुणीच नाही. तिला वाटलं, पलीकडे कुणीतरी आहे आणि बघून मान हलवतंय. दुसऱ्याची भीती पहिल्याहून मोठी होती.

मग तिनं डोळे घट्ट मिटले, उघडले, आणि जी हाक इतके दिवस मारायला हवी होती ती भिंतीकडे तोंड करून, पोटातून मारली.

"काकी! दिसतंय का हो, काकी?"

आणि पाण्यावरून एक म्हातारा, खरखरीत, रागावलेला आवाज स्वच्छ आला.

"नाही दिसत! मुळीच नाही दिसत! सुनेनं पाठीवर घालून आणलंय मला, लवकर आटप! कपाळ वाढव! अजून! अजून वाढव, घाबरतेस काय? आणि ती डावी भुवई वर घे, कार्टे, वर! माझ्याशी भांडायला उठली पाहिजे ती!"

तात्पर्य: हात जवळून चालतो, पण चेहरा दुरूनच दिसतो, म्हणून दूर उभं राहून 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला जो न भिता हाक मारतो, त्याचंच काम टिकतं.